लोणारच्या उतारावर

तीर्थ म्हटले की चढण आलीच, अशी आपली समजूत असते. जेजुरीचा गड असो, वणीची सप्तशृंगी असो की वांद्र्याच्या माउंट मेरीची टेकडी असो, भाविक दमत-थांबत वर जातो आणि परतताना हलका होतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला हा क्रम उलटा आहे. तेथे गाव वर काठाशी आहे आणि देवळे खाली, उतारावर व तळाशी. जाताना पाय आपोआप चालतात. परतताना मात्र प्रत्येक पायरीचा हिशेब द्यावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूच्या गुडघ्यांना हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या एका शनिवारी आम्ही काही कुटुंबे मिळून लोणारला गेलो. मुलांना लोणार पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. उल्का पडली, खड्डा झाला, पाणी साचले. तीन वाक्यांत प्रकरण संपले. खरे सांगायचे तर मीही अनेक वर्षे ते असेच सांगत आलो होतो. पण त्या दिवशी उतार उतरताना वाटू लागले की, आपण या स्थळाचा आरंभ सांगतो आणि इतिहास मात्र गाळून टाकतो. आकाशातून काही पडले होते हे ठाऊक नसताना या उतारावर माणसे शतकानुशतके आली, राहिली, देवळे बांधून गेली. ती कशासाठी आली? उत्तर उल्केत सापडत नाही. ते दोन पाण्यांत सापडते: एक उतारावरचे गोड पाणी आणि दुसरे तळातले खारे.

बुलढाण्याहून चिखली, मेहकर आणि मग लोणार अशी वाट आहे. मेहकर हे गावही टेकडीच्या उतारावरच वसलेले, खाली पैनगंगा. आज तालुक्याचे गाव म्हणून आपण ते ओलांडून जातो. पण अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील एका 'सरकार'चे ते मुख्य ठाणे होते आणि लोणार त्याच्याच हद्दीत येई. १७६९ मध्ये पेशव्यांची छावणी येथे पडली होती. १८१७ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांवर चालून जाताना इंग्रज सेनापती डव्हटनही येथेच उतरला होता. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती पाहायला आमच्यातील दोघे-तिघे थांबू इच्छित होते, परंतु ऊन चढण्याआधी लोणार गाठायचे होते. मेहकरवर पुन्हा कधीतरी लिहीन. त्या गावाचा तेवढा हक्क आहे.

लोणारच्या काठावर पोहोचेपर्यंत पुढे काय आहे याची कल्पना येत नाही. सपाट काळी रानं, कपाशी-तुरीचे धसकट, बाभळी, आणि मग एकाएकी पायाखालची जमीनच संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ. कडा भोवतालच्या रानापेक्षा वीस-तीस मीटर उंचावलेला, तळ कड्यापासून सुमारे दीडशे मीटर खाली. मधोमध हिरवट पाण्याची थाळी, तिच्याभोवती झाडीचा पट्टा. बरोबरची मुले इतका वेळ गाडीत गोंधळ घालत होती, ती गप्प झाली. मुलांना गप्प करणे किती कठीण असते हे ज्यांना धर्मशिक्षणाचे वर्ग घ्यावे लागतात त्यांना विचारा.

ईशान्येकडे हा कडा फुटलेला आहे. तेथूनच उतरण्याची जुनी वाट, आणि तेथेच धार. गोमुखातून पडणाऱ्या या पाण्याला गावात 'धार' एवढेच म्हणतात. उन्हाळ्यातही ती आटत नाही, अशी तिची ख्याती. वऱ्हाडातील माणसाला या एका गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन कोस-कोस चाललेल्या बायका आपल्याच घरांत आहेत. या पाण्याचे गुपित खडकात आहे. हा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. पावसाचे पाणी भेगांतून झिरपत थरांमधल्या फटींतून आडवे वाहत राहते, आणि जेथे कड्याने ते थर कापले गेले आहेत तेथे बाहेर येते. धारेचे पाणी गोड आहे. तेच ओघळून तळ्यात उतरले की तळ्याचे होऊन जाते.

काळ्या पाषाणातील देवळे याच पाण्याच्या आधाराने उभी राहिली. धारेजवळची देवळे, सीतान्हाणी, खाली रामगया, अगदी काठाशी कमळजादेवी; काही पूजेत आहेत, काही वडा-पिंपळांच्या मुळांनी गिळलेली. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण त्याला 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. त्याच्या नावावर इतकी देवळे जमा आहेत की, ती सारी त्याने बांधली असतील तर राज्यकारभाराला त्याला सवड मिळाली नसावी. बांधणीवरून पाहता लोणारची बरीच देवळे बाराव्या-तेराव्या शतकांच्या आसपासची ठरतात. सर्वांत देखणे दैत्यसूदनाचे मंदिर मात्र उतारावर नाही, वर गावात आहे. त्याच्या भिंती ताऱ्यासारख्या कोनाकोनांनी दुमडत जातात आणि छतावर दगडात कथा कोरल्या आहेत. आमच्या मंडळींनी तेथे बराच वेळ माना वर करून घालवला.

त्या मंदिराची कथा लोणारच्या नावाशी जोडलेली आहे. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखालच्या विवरात राहून लोकांना छळत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठाव काढला आणि पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून दिले. ते दूर जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. दैत्य मारला गेला. तळ्याचे पाणी हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस. परक्या धर्माची कथा सांगताना आपण कधी कधी नकळत हसतो. ते बरे नव्हे. या कथेत स्थळाचे निरीक्षण किती बारीक आहे ते पाहावे. येथे काहीतरी प्रचंड घडले, जमिनीचा तुकडा उडून गेला आणि जे उरले ते खारट आहे, एवढे कथाकाराने अचूक ओळखले होते. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच की, घाव वरून आला.

धारेपासून तळापर्यंत उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. साग, बाभूळ, मधूनच मोराचा केका, वानरांची टोळी. जसजसे खाली जावे तसतसा वारा पडतो आणि एक उग्र दर्प येऊ लागतो. तळ्याकाठी पोहोचल्यावर एका मुलाने पाण्यात बोटे बुडवली आणि म्हणाला, "फादर, साबण लावल्यासारखं बुळबुळतंय." त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. या तळ्यात पाणी येते. पण त्याला बाहेर जायला वाट नाही. सूर्य पाणी उचलून नेतो, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हा व्यवहार चालू आहे. नुसते मीठ असते तर समुद्रासारखे पाणी झाले असते. येथे त्याच्या जोडीला सोडा आहे, कपडे धुण्याचा सोडा, आणि म्हणून पाणी इतके अल्कधर्मी.

याच ठिकाणी आमच्याबरोबरच्या एक आजी बोलत्या झाल्या. सत्तरी उलटलेली बाई. नातवाचा हात धरून, बसत-उठत, कोणाचेही न ऐकता खालपर्यंत आल्या होत्या. मेहकरकडच्या खेड्यात त्यांचे बालपण गेले. त्या म्हणाल्या, "आमची माय पापडाले लोनारचा खार घे. बजारात ढीग राहे त्याचा. बाकीचा खार तिले चालेच ना." आम्ही सगळे उल्केच्या गोष्टी करीत होतो, आजींनी एका वाक्यात आम्हाला बाजारात नेऊन बसवले.

आणि लोणारचा खरा इतिहास बाजारातलाच आहे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने या स्थळाची दखल घेतली ती एक तीर्थ म्हणून जशी, तशीच उत्पन्नाचे ठिकाण म्हणून. काच आणि साबण यांना लागणारे सारे साहित्य येथे मिळते, येथील क्षारांवरील कराने राज्याला चांगली प्राप्ती होते, अशी ही नोंद. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे व्यवस्थित चालणारा धंदा होता आणि आग्र्यापर्यंत त्याचा हिशेब पोहोचत होता. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर व तळाशी क्षारांचा थर धरे. माणसे त्या पाण्यात उतरून तो हातांनी काढीत, काठावर वाळत घालीत, निवडीत. त्याचे प्रकार असत आणि प्रकारांना नावे असत: पापडी, दल्ला, भुसकी. पातळ पापुद्र्यासारखी ती पापडी. साबणवाले, रंगारी, बांगड्या करणारे कासार हे त्याचे गिऱ्हाईक. रंगाऱ्याला कापडात रंग धरण्यासाठी खार हवा. काच ओतणाऱ्याला वाळू कमी आंचेवर वितळावी म्हणून हवा. एखाद्या वऱ्हाडी नवरीच्या हातातील हिरव्या चुड्यात लोणारचे तळे असे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. खार काढण्याचा हक्क पुढे सरकार ठेक्याने देऊ लागले. परंतु तोवर युरोपात वेगळेच घडून गेले होते. साध्या मिठापासून सोडा करण्याची युक्ती लब्लाँ या फ्रेंच माणसाने १७९१ मध्ये नोंदवली होती. १८६० च्या दशकात सॉल्वे या बेल्जियन गृहस्थाने त्याहून स्वस्त रीत शोधली. कारखान्यातील शुद्ध, पांढरा सोडा जहाजांनी येऊ लागला. पुढे आपल्याकडे सौराष्ट्रात मिठापूरचा कारखाना उभा राहिला. चिखलातून हाताने वेचलेल्या, निवडून-पाखडून विकाव्या लागणाऱ्या खाराचा या स्पर्धेत निभाव लागणे शक्य नव्हते. कोणी बंदी न घालताच लोणारचा बाजार विझत गेला. आज तेथे खार काढला जात नाही.

या जातीची तळी जगात इतरत्रही आहेत, आणि त्यांपैकी एक आपल्या ख्रिस्ती इतिहासाला फार जवळचे आहे. इजिप्तमधील वादी नत्रून ही सोड्याच्या तळ्यांची दरी. तेथील नत्रून घेऊन प्राचीन इजिप्शियन मृतदेह टिकवीत आणि काच करीत. चौथ्या शतकात संत मकारियस व त्याचे सोबती याच दरीत एकांतवासासाठी गेले. मठवासी जीवनाच्या इतिहासात स्केटिस म्हणून जे नाव आपण वाचतो ते हेच. तेथील चार मठ आजही नांदते आहेत. सेमिनरीत असताना स्केटिसचे नाव मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या तपस्व्यांच्या नाकाला रोज कोणता वास येत असेल, हे मला लोणारच्या काठावर उभे राहिल्यावर कळले.

दुसरे उदाहरण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे. पेरू देशात अँडीज पर्वतात कुस्को हे इंकांच्या राजधानीचे शहर आहे. त्याच्या जवळ, तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, मारास नावाच्या गावाखालच्या उतारावर मिठागरे आहेत. तेथे डोंगराच्या पोटातून येणारा झराच खारा. ते पाणी पाटांनी फिरवून उतारावर बांधलेल्या तीन हजारांहून अधिक लहान वाफ्यांत सोडतात. ऊन आपले काम करते. इंकांच्याही आधीपासून हे चालत आले आहे असे मानतात. वाफे गावातील कुटुंबांच्या मालकीचे, बापाकडून मुलाकडे आलेले. जगभरचे प्रवासी ते पाहायला जातात आणि त्यांच्यासमोर मारासची माणसे मीठ ओढीत असतात. लोणारला सारे उलटे: वर गोड, खाली खारे. पण मोठा फरक तो नव्हे. मारासला प्रवासी उताराबरोबर उतारावरचा माणूसही पाहतो. लोणारला तो माणूस फलकावरदेखील नाही.

शास्त्रज्ञांची कथा मात्र फलकांवर आहे आणि ती आहेही रोमहर्षक. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या खळग्याकडे प्रथम जगाचे लक्ष वेधले. भोवती सारा लाव्हाचा खडक, तेव्हा हे ज्वालामुखीचेच मुख, असा दीर्घ काळ बहुतेकांचा तर्क होता आणि तो वावगा म्हणता येणार नाही. पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा खळगा त्यामानाने कालचा. मधल्या काळात येथे ज्वालामुखी जागा झाल्याची खूण नाही. अखेर तळाशी छिद्रे घेऊन खालचा खडक काढण्यात आला. तो चिरडलेला निघाला, आणि त्यातील काही खनिजांची न वितळताच काच झालेली होती. असे केवळ प्रचंड आघातानेच होते. १९७३ मध्ये अमेरिकन व भारतीय संशोधकांनी मिळून हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि वाद मिटला. वयाचा वाद मात्र चालू राहिला: आधीच्या मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने केलेल्या २०१०-११ च्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. बेसाल्ट खडकातील असे आघातविवर दुर्मीळ. ब्राझीलच्या दक्षिणेत काही सापडली आहेत, पण ती फार झिजलेली. चंद्र आणि मंगळ यांचे पृष्ठही बरेचसे याच खडकाचे, म्हणून तिकडचे अभ्यासक लोणारला येतात.

ही कीर्ती वाढली तसा उतारावरचा माणूस आणखी मागे हटला. धारेच्या पाण्यावर खळग्याच्या आतच, ईशान्येकडच्या गाळाच्या पट्ट्यात, केळी, मका, भाजीपाला होत असे. २००० मध्ये हा परिसर अभयारण्य झाला आणि ती शेती टप्प्याटप्प्याने थांबली. ती थांबणे आवश्यक होते, असे माझे मत आहे. खते आणि औषधे तळ्यात उतरू देणे म्हणजे हजारो वर्षांचा तोल काही हंगामांत बिघडवणे. गावाच्या सांडपाण्याचा प्रश्नही तितकाच गंभीर राहिला आहे, आणि त्याचा दोष केळीवाल्यांवर टाकता येत नाही. जून २०२० मध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या देशाने ती छायाचित्रे पाहिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की, पाणी घटून क्षार वाढल्यामुळे मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या फुगली होती आणि रंग त्यांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर करारान्वये महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत लोणारचे नाव आले. तेव्हा तळ्याला आता जगाची मान्यता आहे. पण पापडी काढणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांनी पाण्यात किती वेळ उभे राहायचे, त्या पाण्याने त्यांच्या पायांची कातडी कशी होत असे, ठेकेदार त्यांना काय देई, हे विचारायला कोणी वेळेवर गेले नाही. आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत निदान बाप्तिस्म्याची तारीख आणि बापाचा धंदा तरी लिहिलेला असतो. जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी धर्मगुरूंनी व सचिवांनी ही पाने एकदा वाचावीत, एवढी विनंती जाता जाता करून ठेवतो.

ऊन तापू लागले तशी मी सगळ्यांना परतीची घाई केली. मुले धावत पुढे निघाली. आजी मात्र पाण्याच्या कडेला एका दगडाशी ओणव्या झाल्या होत्या. दगडावर पाणी सुकून पांढरा पापुद्रा धरला होता. त्यांनी तो नखाने खरवडला, जिभेवर ठेवला आणि थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या.

"आजी, येथून काही न्यायला बंदी आहे बरं का," मी म्हणालो. म्हणताना माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले.

"मले ठाऊक हाय, फादर." उरलेली चिमूट त्यांनी त्याच दगडावर परत ठेवली, पदराला हात पुसले आणि नातवाला हाक मारून चढणीला लागल्या.